पाठ केलेला ‘नाही’ आणि वापरता येणारा ‘नाही’

(व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्यातली रूपं शक्यतो तशीच ठेवली आहेत. शेवटी श्रोत्यांच्या दोन प्रश्नांची उत्तरं दिली आहेत.)



पत्रिकेवर माझ्या नावापुढे ‘मुलांचं स्वसंरक्षण’ असं छापलंय. ते वाचून आमच्या शेजारणीनं काल जिन्यात विचारलं, “अहो, तुम्ही कराटे कधी शिकलात?” (हशा) नाही शिकले. मी २७ वर्षं माध्यमिक शाळेत मराठी शिकवलं. मला एकच काम बऱ्यापैकी येतं, समोर आलेला मजकूर नीट वाचणं. म्हणून आज मी मुलांच्या सुरक्षिततेचे जे धडे आपण शाळेत, घरात, टीव्हीवर देतो, ते मजकूर म्हणून वाचणार आहे. एखादी कथा वाचताना आपण विचारतो ना, ही कोण सांगतंय, कुणाला सांगतंय, हिच्यात कोण बोलतं आणि कोणाला बोलूच दिलेलं नाही? तेच प्रश्न इथे.

सुरुवात एका तक्त्यापासून करते. तुम्ही तो पाहिलेला आहे. शाळेच्या जिन्याजवळ, पिण्याच्या पाण्याच्या टाकीच्या वर लावलेला. एक मुलगा, एक मुलगी. अंगावर हिरवे आणि लाल ठिपके. हिरवा म्हणजे गुड टच, लाल म्हणजे बॅड टच. खाली कोपऱ्यात एक काळी आकृती, टोपी घातलेली, हातात चॉकलेट. तो ‘अनोळखी माणूस’.

या तक्त्यानं काही मुलांना नक्की मदत केली असेल. निदान विषय भिंतीवर तरी आला. पण भाषेची शिक्षिका म्हणून मला पहिला अडथळा होतो तो ‘बॅड’ या शब्दाशी. सात वर्षांच्या मुलासाठी ‘वाईट’ म्हणजे काय? वाईट म्हणजे ज्याबद्दल आपल्याला ओरडा बसतो ते. “वाईट मुलगा आहेस तू.” मग वाईट स्पर्श माझ्या अंगाला झाला, तर वाईट कोण झालं? मी झालो. मूल गप्प बसण्याची एक पायरी आपणच बांधून दिली. दुसरी अडचण त्याहून मोठी. असा स्पर्श नेहमी वाईट ‘लागत’ नाही. तो गुदगुल्यांतून येतो, लाडातून येतो, शिकवणीच्या सरांनी पाठीवर दिलेल्या शाबासकीतून येतो. मूल तक्ता आठवून बघतं, आणि तक्ता म्हणतो वाईट वाटलं तर सांग. त्याला तर वाईट वाटलेलं नसतं, नुसतं कसंतरी वाटलेलं असतं. ‘कसंतरी’साठी तक्त्यावर रंग नाही.

आमच्याकडे एका सत्रात पाचवीतल्या मुलीनं हात वर करून विचारलं होतं, “बाई, आई फणीनं केस ओढते तो बॅड टच का?” सगळा वर्ग हसला. पाहुण्या बाई पण हसल्या आणि पुढे गेल्या. मला तो प्रश्न फार हुशारीचा वाटला. दुखतंय पण वाईट नाही, असं असतं. मग दुखत नाही पण वाईट आहे, असंही असणार. तिनं व्याख्येतलं भोक दाखवलं होतं. आता बरेच कार्यकर्ते ‘सुरक्षित’ आणि ‘असुरक्षित’ हे शब्द वापरतात. ते बरे आहेत. तरी माझं म्हणणं आहे की आधी अवयवांना नावं द्या. आपल्या घरात कोपराला कोपर म्हणतात, गुडघ्याला गुडघा म्हणतात, आणि बाकीच्याला ‘शेम शेम’. शरीराच्या ज्या भागाचं नावच लाज आहे, त्याबद्दल तक्रार करायची कुठल्या तोंडानं?

आणि तो टोपीवाला. भारत सरकारच्या महिला आणि बालविकास मंत्रालयानं २००७ मध्ये १३ राज्यांतला एक मोठा अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात आपला महाराष्ट्र होता, गोवा होता. बारा हजारांवर मुलांशी बोलून केलेला. त्यात ५३ टक्क्यांहून जास्त मुलांनी कुठल्या ना कुठल्या प्रकारचा लैंगिक छळ सांगितला. निम्मे करणारे ओळखीचे, किंवा ज्यांच्यावर भरवसा टाकला होता असे. पोलिसांकडे बलात्काराच्या ज्या तक्रारी पॉक्सोखाली नोंदवल्या जातात, त्यांत तर आरोपी मुलाच्या ओळखीचा असण्याचं प्रमाण दरवर्षी ९० टक्क्यांच्या वर असतं. म्हणजे तक्त्याच्या कोपऱ्यात टोपी घालून जो उभा आहे, तो बहुतेक वेळा तिथे नसतोच. तो घरात चहा पीत बसलेला असतो. हे चित्र काढायची हिंमत आपल्यात नाही, कारण ते कुणासारखं काढायचं? काकासारखं? गुरुजींसारखं?

आता एका गाजलेल्या धड्याकडे येते. १३ मे २०१२, रविवार सकाळ. ‘सत्यमेव जयते’चा दुसरा भाग. आमिर खान लहान मुलांना समोर बसवून एक कार्यशाळा घेतो. शरीरावरच्या धोक्याच्या जागा कोणत्या, कुणी हात लावला तर काय करायचं. ओरडायचं, पळायचं, भरवशाच्या मोठ्या माणसाला सांगायचं. त्या सकाळी कितीतरी घरांत हा विषय पहिल्यांदा आईबाप आणि मुलं एकाच खोलीत असताना बोलला गेला. त्याच महिन्यात संसदेनं पॉक्सो कायदा मंजूर केला, १४ नोव्हेंबरपासून तो लागू झाला. त्या भागाचं ऋण मी मानते. आमच्या शाळेत आम्ही तो पुढची तीन वर्षं दाखवत होतो.

पण दर वर्षी दाखवताना माझं लक्ष मुलांच्या आवाजाकडे जायला लागलं. वर्गात आम्ही विचारायचो, “कुणी हात लावला तर काय करायचं?” साठ मुलं एका सुरात, “ओरडायचं, पळायचं, सांगायचं!” पाढे म्हणावेत तसं. सुरात म्हटलेलं उत्तर ही आपल्या शाळांची खासियत आहे. त्यात कुणाला येतं आणि कुणाला येत नाही ते कळत नाही, आणि ज्याला येतं त्यालाही ते फक्त साठांच्या आवाजात येतं. प्रसंगात मूल एकटं असतं. त्याच्या समोर एक मोठा माणूस असतो, ज्याला ते ‘अहो’ म्हणतं. तिथे तोंडातून आवाज फुटणं ही माहितीची गोष्ट नाही, सवयीची गोष्ट आहे. पोहण्याचे नियम पाठ असलेल्या मुलाला आपण विहिरीत ढकलत नाही.

हे माझं एकटीचं मत नाही. अमेरिकेत १९८१ मध्ये प्रसिद्ध झालेला एक छोटा प्रयोग आहे. बालवाडीच्या वयाची मुलं, आणि आवाराजवळ येऊन “चल माझ्याबरोबर” म्हणणारा एक माणूस, म्हणजे प्रयोगातलाच. शिकवण्याआधी मुलं निघाली त्याच्याबरोबर. मग त्यांना नुसतं समजावलं नाही. करून दाखवलं, त्यांच्याकडून करून घेतलं, पुन्हा पुन्हा, आणि जमलं की शाबासकी. मग मुलं ‘नाही’ म्हणून बाईंकडे परत यायला लागली. त्यानंतरच्या कितीतरी अभ्यासांत हाच अनुभव आला. बरोबर उत्तर सांगणारं मूल प्रत्यक्षात ते करतंच असं नाही. करण्याचा सराव झाला असेल तर करतं. २०१५ मध्ये शाळांमधल्या अशा कार्यक्रमांच्या २४ चाचण्यांचा एकत्र आढावा निघाला. मुलांचं ज्ञान वाढतं, स्वतःला जपण्याची कौशल्यंही वाढतात, हे त्यात दिसलं. अत्याचार त्यामुळे कमी होतात का, हे मात्र त्यातून सिद्ध झालेलं नाही. ही दोन वाक्यं एकत्र वाचायची. पहिलं वाचून टाळ्या वाजवायच्या नाहीत आणि दुसरं वाचून तक्ते फाडायचे नाहीत.

कराटेबद्दल थोडक्यात बोलते, कारण शेजारीण पुढच्या रांगेत बसली आहे. (हशा) समग्र शिक्षेत सहावी ते बारावीच्या मुलींसाठी राणी लक्ष्मीबाईंच्या नावानं तीन महिन्यांचं आत्मरक्षेचं प्रशिक्षण असतं. मुली मैदानावर येतात, मोठ्यानं ओरडतात, पाय उचलतात. आपल्या मुलींना मैदान मिळतं हेच मोठं. पण २६ जानेवारीच्या प्रात्यक्षिकात कौलं फोडणारी मुलगी सोमवारी सकाळी मामाच्या मांडीवरून उठू शकते का, हा प्रश्न वेगळा आहे. मामाला कोण लाथ मारणार? आणि मारली तरी घरात कुणाला ओरडा बसणार? शिवाय फक्त मुलीच का? मघाच्या २००७ च्या अभ्यासात छळ सांगणाऱ्यांत निम्म्याहून जास्त मुलगे होते. आपल्या कुठल्याही धड्यात मुलगा घाबरलेला दाखवत नाहीत. तो एकतर टाळ्या वाजवणारा प्रेक्षक असतो, नाहीतर पुढे त्रास देणारा.

बरं, मग हाणामारीशिवाय सुटका करून घ्यायची कशी? ते सांगणारा मजकूर आपल्याकडे आहे का? आहे. तुमच्या सगळ्यांच्या पाठ आहे. भोपळ्यात बसून येणाऱ्या म्हातारीची गोष्ट.

हसू नका, नीट आठवा. म्हातारी एकटी लेकीकडे निघाली आहे. वाटेत जंगल. कोल्हा भेटतो, वाघ भेटतो, घरोघरी प्राणी बदलतात, पण म्हणणं एकच, तुला खातो. म्हातारीत ताकद नाही. ती काठी उगारत नाही. पळतही नाही, तिला पळता येत नाही. ती बोलते. आत्ता माझ्यात काय आहे खायला, लेकीकडे जाऊन चार दिवस खाऊन पिऊन येते, मग बघ. वेळ मागून घेते आणि निघून जाते. दुसऱ्या प्राण्यापाशीही तेच. घाबरलेली असेल, पण आवाज शाबूत आहे.

मग ती पोचते आपल्या माणसाच्या घरी. ही गोष्ट सांगताना आपण ‘मग चार दिवस मजेत गेले’ म्हणून पुढे पळतो, मी मात्र तिथे थांबते. लेक काय करते? म्हातारी म्हणते, परत जायचं कसं, वाटेत ते बसलेत. लेक असं म्हणत नाही, “तू एकटी कशाला आलीस त्या वाटेनं?” असंही म्हणत नाही, “वाघ तसा नाहीये गं, तुझा काहीतरी गैरसमज झाला असेल.” ती भोपळा आणते. म्हणजे ऐकते, विश्वास ठेवते, आणि परतीची सोय करते. आणि प्राणी विचारतात तेव्हा भोपळ्यातून म्हातारी साफ खोटं बोलते, म्हातारी-बितारी मला माहीत नाही. आपण मुलांना शिकवतो खोटं बोलू नये, दिलेला शब्द मोडू नये, मोठ्यांना उत्तर द्यावं. इथे एक आजी खोटं बोलते, शब्द मोडते, आणि सगळी पोरं खूश होतात. त्यांना बरोबर कळतं की जिवावर आलं तर शब्द मोडायचा असतो. “कुणाला सांगितलंस तर तुला माझी शप्पथ” असं कुणी म्हणालं, तर ती शप्पथ पाळायची नसते, हे सांगायला याहून सोपी वाट कुठली?

याच्या शेजारी लाल टोपीवालीची गोष्ट ठेवा, इंग्रजी शाळांतून आपल्याकडे आलेली. शार्ल पेरो या फ्रेंच लेखकानं ती १६९७ मध्ये छापली. शेवटी त्यानं तात्पर्य जोडलं, की गोड बोलणारे, सभ्य दिसणारे लांडगेच सगळ्यांत धोक्याचे. सव्वातीनशे वर्षांपूर्वी त्याला ते ठाऊक होतं, आमच्या तक्त्याला नाही. पण त्या मुलीकडे बघा. आजीचे हात केवढे मोठे, कान केवढे, डोळे केवढे, दात केवढे. तिला सगळं दिसतंय! एकेक खूण ती मोठ्यानं वाचते आहे, अगदी आमच्या साठ मुलांसारखी. फक्त निघत नाही तिथून. का निघत नाही? कारण पलंगावर आजी आहे, आणि आजीला “मी जाते” असं तोंडावर म्हणायचं नसतं. पेरोच्या गोष्टीत लांडगा तिला खातो, संपलं. ग्रिम बंधूंनी १८१२ मध्ये शिकारी आणून तिला पोटातून बाहेर काढलं. आपले बरेचसे धडे त्या शिकाऱ्याच्या भरवशावर चालतात.

आता मुख्य मुद्द्याला येते. भाषेचा आहे. आपलं मूल नकार देतं तेव्हा कोणता शब्द वापरतं? ‘नको ना’. हा ‘ना’ बघा. लडिवाळ आहे, विनवणीचा आहे. ‘नको ना काका’ आणि वर हसू. काकाला तो खेळ वाटतो, निदान तसं म्हणायची सोय होते. ‘नको’ हा मुळात विनंतीचा शब्द आहे, तो समोरच्यावर सोपवतो. मग मुलानं ओरडावं का, शिव्या द्याव्यात का? लगेच नाही. मराठीत एक फार छान सोय आहे, आदरार्थी बहुवचन. “काका, थांबा. मला हे आवडत नाही.” यात उद्धटपणा कुठे आहे? ‘काका’ आहे, ‘थांबा’ आहे. मान पूर्ण दिलाय आणि हालचाल थांबवायला सांगितली आहे. हे वाक्य हसू न आणता, डोळ्याकडे बघून, एक पाऊल मागं सरकून म्हणायचं. नाही ऐकलं तर तेच वाक्य अधिक मोठ्यानं. तरी नाही ऐकलं तर मग ओरड, चाव, ढकल, पळ, काहीही, तिथे आदर संपला. आणि तोंडातून आवाजच फुटला नाही, तरी चूक तुझी नाही, नंतर सांगितलंस तरी चालेल. हे शेवटचं वाक्य सगळ्यांत महत्त्वाचं आणि ते एकाही तक्त्यावर मी पाहिलेलं नाही.

मी मुलांकडून हे करून घ्यायचे. एकेकट्याकडून, सुरात नाही. खेळ म्हणून. मी आत्याबाई व्हायचे, गाल ओढायला पुढे यायचे. सातवी-आठवीतली धीट, वर्गात मला उलट बोलणारी पोरं त्या वेळी हसत जागच्या जागी उभी. एक मुलगी म्हणाली, “बाई, वाक्य येतंय, पण पाय हलत नाहीयेत.” चौथ्या-पाचव्या खेपेला हलले.

गंमत अशी, की खेळात मुलांना हे सगळं आधीच येत असतं. पकडापकडीत एखादा दमला, पडला, चप्पल तुटली, की मूठ ओठांवर ठेवून ‘टाइम प्लीज’. सगळा खेळ थांबतो! कुणी विचारत नाही, “खरंच का रे?” कुणी म्हणत नाही, “एवढ्याशा कारणासाठी?” त्या दोन शब्दांची ताकद सगळ्यांनी मान्य केलेली आहे, म्हणून ते चालतात. लपाछपीत भोज्या असतो. त्याला हात लागला की संपलं, कुणी पकडू शकत नाही. मी मुलांना विचारायचे, तुझा भोज्या कोण? एक नको, तीन सांग. एक घरातला, एक शाळेतला, एक बाहेरचा. बरीच मुलं घरातल्यावरच अडायची. आणि १०९८ हा नंबर मी भोज्या म्हणूनच पाठ करून घ्यायचे.

पण खेळात आणखी एक असतो, कच्चा लिंबू. धाकटं भावंडं, त्याला खेळायला घ्यायचं पण त्याच्यावर राज्य नाही. त्यानं कुणाला पकडलं तरी तो आउट धरायचा नाही. मोठ्यांच्या जगात मुलाचं सांगणं हे कच्च्या लिंबासारखं आहे. सांगू द्यायचं, धरायचं नाही.

२०२४ च्या ऑगस्टमध्ये बदलापूरला जे झालं ते तुम्हाला आठवत असेल. चार वर्षांच्या मुली. त्या बोलल्या, आणि घरच्यांनी त्यांचं ऐकलं. उशीर नंतर झाला, शाळेत आणि पोलीस ठाण्यात. उच्च न्यायालयानं स्वतःहून दखल घेऊन दोघांनाही फटकारलं. चार वर्षांच्या मुलींनी तिसरी पायरी, ‘सांगायचं’, पार केली होती. जी पायरी चुकली ती कुठल्याच तक्त्यावर नव्हती, कारण ती मोठ्यांची होती. पॉक्सोच्या १९ व्या कलमाप्रमाणे असा गुन्हा झाल्याचं, किंवा होईल अशी शक्यता, ज्याला कळलं त्यानं पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. शाळेचं नाव, घराण्याची अब्रू, कुठलाही अपवाद नाही. न कळवणाऱ्याला २१ व्या कलमाखाली शिक्षा आहे. मुलांच्या भिंतीवर जेवढे तक्ते आहेत, त्याच्या निम्मे तरी शिक्षकखोलीत हवेत.

मी हे वरून बोलते आहे असं वाटायला नको, म्हणून एक सांगते. शाळेचं नाव नाही सांगत. सहावीतला मुलगा, अकरा वर्षांचा. सत्र झालं त्याच दिवशी, शेवटच्या तासानंतर, माझ्या टेबलापाशी आला. डस्टर हातात घेऊन खडूची भुकटी झटकत उभा राहिला. म्हणाला, “बाई, ते सकाळी सांगितलं ना, ते मुलांना पण असतं का?” मी वह्यांचा गठ्ठा बांधत होते. माझी बस पाच वीसची. मी म्हणाले, “हो असतं की. उद्या बोलू हं आपण.” ‘हं’ पण म्हणाले, गोड आवाजात. दुसऱ्या दिवशी मी त्याला बोलावलं. तो म्हणाला, “काही नाही बाई, असंच.” मी दोनदा विचारलं आणि सोडून दिलं. मार्चमध्ये त्याचं कुटुंब दुसरीकडे गेलं.

त्यानं सगळं बरोबर केलं होतं. ओळखीचं, भरवशाचं मोठं माणूस निवडलं, एकटं असताना गाठलं, प्रश्नाच्या आडून विषय काढला. सकाळी मी शिकवलेलं दुपारपर्यंत वापरून दाखवलं. त्याचा भोज्या बस पकडायला निघून गेला. मुलं कधीच “माझ्यावर अत्याचार झाला” असं येऊन सांगत नाहीत. ती विचारतात, “मुलांना पण असतं का?” “शिकवणी बंद केली तर चालेल का?” मराठीच्या बाईला आडवळणाचं वाक्य ओळखता आलं नाही, तर कुणाला येणार? आज असं कुणी विचारलं तर मी बस सोडीन, आणि १०९८ ला फोन लावून पुढे काय करायचं ते विचारीन.

तेरा-चौदाच्या मुलांचं जग आता मोबाइलमध्येही आहे. त्यावर वेगळं व्याख्यान हवं. एवढंच म्हणते, की तिथेही धडा तोच चुकतोय. “फोटो पाठवू नका” हे पाठ करून घेतो. पाठवून झाला असेल आणि आता कुणी धमकावत असेल, तर आईपाशी येऊन काय म्हणायचं, हे वाक्य करून घेत नाही. कारण त्या वाक्याला आपण काय उत्तर देऊ याची मुलाला खात्री आहे. “मोबाइलच काढून घेते आता!”

आता प्रश्न असतील तर घेऊ.

(एका ज्येष्ठ श्रोत्यांचा प्रश्न: मग आम्ही आजोबांनी नातवंडांना जवळ घ्यायचंच नाही का?)

घ्या की, काका! फक्त हात पसरा आणि थांबा. तिला यायचं असेल तर धावत येईल. माझी नात पुण्याहून येते तेव्हा मी विचारते, मिठी की टाळी? मागच्या खेपेला म्हणाली, “आज लांबूनच नमस्कार.” मला राग आला, खोटं कशाला सांगू. सहा तासांनी आलेली नात आणि लांबून नमस्कार! माझी सून पटकन म्हणाली, “असं नाही करायचं हं आजीला.” मी सुनेला म्हटलं, राहू दे. त्या पोरीनं सराव कुणावर करायचा? ज्या माणसाला नाही म्हटलं तर काही बिघडत नाही, त्याच्यावरच ना? ते माणूस आपण आहोत. रात्री झोपताना ती आपण होऊन कुशीत आली. पण ती आली नसती तरी चाललं असतं, हेही मला स्वतःला सांगावं लागलं.

(एका शिक्षिकेचा प्रश्न: तो सहावीतला मुलगा तुम्हाला पुन्हा कधी भेटला का?)

भेटला. दहा-अकरा वर्षांनी, एसटी स्टँडवर. त्यानंच ओळखलं मला. नोकरीला लागला होता. मी त्याला म्हणाले, “एकदा तू मला काहीतरी विचारायला आला होतास. मी थांबायला हवं होतं.” तो जरा वेळ गाड्यांकडे बघत राहिला. म्हणाला, “आठवत नाही बाई.” मग माझी पिशवी हातातून घेतली आणि माझी गाडी लागेपर्यंत तिथेच उभा राहिला. त्याची गाडी त्याआधी गेली होती. मी पुढे काही विचारलं नाही, फोन नंबर दिला.

अजून केला नाहीये त्यानं.